सात रिकामे रविवार: लेखक थांबले तेव्हा एका अहिराणी मालिकेचं काय झालं

पार्श्वभूमी

ही मालिका धुळ्यातून निघत होती. दर रविवारी रात्री नऊला ती स्थानिक केबल वाहिनीवर लागायची आणि सोमवारी सकाळी सातला यूट्यूबवर चढायची. भाग बावीस मिनिटांचा. गोष्ट एका शेतकरी घराची: म्हातारी आई, दोन भाऊ, त्यातला एक सुरतला कापड मिलमध्ये, दोन सुना आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणारी बहीण. बोली अहिराणी, खान्देशातली. प्रेक्षक शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या पट्ट्यातला, आणि जवळजवळ तितकाच सुरतच्या उधना-लिंबायतमधला. तिथे आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामाला जातात. सोमवारी पहिल्या पाळीला निघण्याआधी मोबाइलवर भाग बघणारी घरं आम्हाला फोन करून सांगायची, की सात वाजून पाच मिनिटं झाली, भाग का नाही आला?

मी या मालिकेचं वेळापत्रक सांभाळत होतो. कुठला भाग कधी लिहून येणार, कधी चित्रित होणार, संकलनाला किती दिवस, जाहिरात कुठे बसणार, हे सगळं माझ्या वहीत असायचं. माणसांची नावं इथे गाळली आहेत. निर्मात्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही तसंच म्हणतो.

लेखक तिघे. मुंबईच्या मालिकांत जशी कथा, पटकथा आणि संवाद अशी कामाची वाटणी असते तशीच आमच्याकडे होती. कथा निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींची. पटकथा एका एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या तरुणाची, त्याला सगळे भाचा म्हणत. संवाद शिरपूरकडच्या ताईंचे. एका भागाचे तिघांना मिळून साडेचार हजार रुपये मिळत. ताईंच्या संवादांवरच मालिका चालत होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तोंडावर मात्र कुणी ते त्यांना कधी म्हटलं नाही.

पैसा दोन ठिकाणांहून यायचा. मोठा भाग मुख्य प्रायोजकाचा, धुळ्यातल्या एका कापड दुकानाचा. त्यांचा करार सहा महिन्यांचा आणि ३० सप्टेंबर २०२३ ला संपणारा. दुसरा भाग यूट्यूबच्या जाहिरातींचा. त्यात एक नवी वाट फुटली होती: जुन्या भागांतले सासू-सुनेचे खटके कापून मिनिटभराचे तुकडे टाकायचे. ते तुकडे मूळ भागांपेक्षा जास्त बघितले जायला लागले, आणि त्यावर लेखकांचं नावही नसायचं.

अडचण

जून २०२३ मध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

तुकड्यांच्या उत्पन्नात लेखकांचा काही वाटा असावा, असं गुरुजींनी आप्पांना सुचवलं. आप्पा म्हणाले, लेखनाचे पैसे दिले, विषय संपला. दोनच दिवसांनी आप्पांच्या पुतण्याने चॅटजीपीटीवरून पुढच्या भागाचे प्रसंग काढून ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. सोबत निरोप होता: एवढं अहिराणीत फिरवून द्या, अर्धे पैसे मिळतील. ते प्रसंग यंत्राने लिहिलेत हेही त्याने सांगितलं नव्हतं. वाचताना ताईंच्या लक्षात आलं, कारण त्यात सून सासूला ‘आपण चहा घ्याल का?’ असं विचारत होती.

२६ जूनला, आषाढीच्या आठवड्यातल्या सोमवारी, तिघांनी कळवलं की आता लिहिणार नाही. ताईंचं वाक्य मला आजही आठवतं: “आमले हिसाब दखाडा, आप्पा. मंग लिखसूत.” म्हणजे हिशेब दाखवा, मग लिहू. किती रुपये हवेत हे त्यांनी तोवर सांगितलंही नव्हतं.

भाचा तेव्हा मोबाइलवर अमेरिकेतल्या बातम्या वाचायचा. तिकडे रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिकाचे साडेअकरा हजार लेखक २ मेपासून संपावर होते आणि त्यांचे मुद्दे हेच होते: स्ट्रीमिंगवर पुन्हा पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या कामाचा मोबदला, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाच्या गळ्यात बांधण्याला विरोध. आप्पांना वाटलं, पोरगा तिकडचं बघून इकडे करतोय. माझं मत वेगळं आहे. तुकड्यांचे पैसे आणि ‘फिरवून द्या’ हा निरोप नसता, तर तिकडच्या बातमीने इथलं पानही हललं नसतं.

वेळापत्रकात संप उशिरा दिसतो

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

२६ जूनला माझ्या वहीत पाच भाग चित्रित होऊन तयार होते आणि दोन लिहून झालेले होते. धंद्यात याला बँक म्हणतात. २ जुलै ते ३० जुलै हे पाच रविवार तयार भागांवर निघणार होते, ६ आणि १३ ऑगस्ट लिहिलेल्या भागांवर. पहिला रिकामा रविवार २० ऑगस्टचा. म्हणजे लेखक थांबल्यानंतर जवळजवळ आठ आठवडे प्रेक्षकाला, केबलवाल्याला आणि प्रायोजकाला काहीच कळणार नव्हतं. आप्पा मला म्हणाले, “दोन महिने आहेत. तोवर येतील जागेवर.” मी मान हलवली.

ज्या कार्यक्रमाची बँक नसते तिथे संप त्याच रात्री दिसतो. अमेरिकेत रात्री उशिराचे गप्पांचे कार्यक्रम रोजच्या बातम्यांवर रोज लिहिले जातात. २ मे २०२३ लाच ते बंद पडले आणि जुने भाग लागले. मालिकांचं तसं नव्हतं. मे महिना त्यांच्या हंगामाचा शेवट, बरेच भाग आधीच तयार. तिथल्या प्रेक्षकाला फटका जाणवला तो सप्टेंबरात, नवा हंगाम सुरूच झाला नाही तेव्हा. एका मोठ्या वाहिनीने ‘घोस्ट्स’ या आपल्या मालिकेच्या जागी तिची मूळ ब्रिटिश आवृत्ती दाखवली आणि रविवारी ‘यलोस्टोन’ ही आधी दुसरीकडे होऊन गेलेली मालिका लावली.

बँक म्हणजे वाटाघाटीसाठी मिळालेला वेळ. आम्ही तो उधळला. जुलैचे पाचही रविवार भाग वेळेवर गेले, प्रेक्षक खूश, सुरतेहून फोन येत होते, आणि त्या पाच आठवड्यांत आप्पा आणि लेखक एकदाही समोरासमोर बसले नाहीत. मीही बसवलं नाही. सगळं सुरळीत दिसत असताना भांडणाला हात कोण लावणार?

बँकेतल्या लिहिलेल्या पण चित्रित न झालेल्या भागांबद्दल माझा आणखी एक गैरसमज होता. मला वाटायचं, संहिता हातात आहे म्हणजे भाग तयारच. १३ ऑगस्टच्या भागात भर श्रावणातली झड होती. तीन दिवस पाऊस उघडत नाही, सगळं घर आत अडकतं, आणि त्या कोंडमाऱ्यात दोन सुनांचं भांडण मिटतं. गुरुजींनी ते जूनमध्ये लिहिलं होतं. २०२३ चा ऑगस्ट मात्र हवामान खात्याच्या नोंदींत १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आम्ही ९ तारखेला चित्रीकरणाला गेलो तेव्हा आभाळात ढग नव्हता आणि बांधावरची कपाशी माना टाकून उभी होती.

लेखक असते तर त्यांनी तासाभरात प्रसंग फिरवला असता. पावसाऐवजी उन्हाने अडकवलं असतं, विहिरीच्या पाण्यावरून काही काढलं असतं. बदल करायला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही मोटार लावून पाण्याचा फवारा मारला आणि पाऊस दाखवला. भाग गेला आणि शिंदखेड्याच्या एका शेतकऱ्याने खाली लिहिलं, की इथे दुबार पेरणीही जळाली, तुम्ही पाणी ओतून नाचताय. त्याखाली अशाच प्रतिक्रियांची रांग लागली. ती मी संध्याकाळपर्यंत वाचत बसलो. तो माणूस बरोबर बोलत होता.

समोर असलेले पर्याय

२० ऑगस्टच्या आधीच्या आठवड्यात आप्पा, दिग्दर्शक आणि मी बसलो. मी आदल्या काही रात्री जुन्या संपांत कोणी काय केलं ते वाचून टिपणं काढली होती.

पहिला पर्याय जुने भाग. आप्पांनी लॉकडाऊनचं उदाहरण दिलं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली, दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा लावलं आणि अख्खा देश बघत बसला. मी म्हटलं, तेव्हा सगळे घरात कोंडलेले होते, कुठल्याच वाहिनीवर नवं काही नव्हतं, आणि ते तेहतीस वर्षांपूर्वीचं होतं. आपला भाग मागच्या वर्षीचा आहे आणि यूट्यूबवर पडलेलाच आहे. तो ज्याला बघायचा त्याने बघून झालाय. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या कामगार आणि निर्मात्यांच्या वादात हिंदी मालिकांचं काम थांबून काही दिवस जुने भाग लागले होते, पण तो वाद थोड्या दिवसांत मिटला. आपल्याकडे मिटवायला कुणी बसलेलंच नव्हतं.

दुसरा पर्याय बदली लेखक. तिसरा, कलाकारांनी आपापलं बोलून भाग काढायचा.

चौथा पर्याय लेखकाशिवाय होणारा कार्यक्रम. ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ या लेखकांच्या शंभर दिवसांच्या संपात अमेरिकन वाहिन्यांनी स्पर्धांचे आणि रिअ‍ॅलिटीचे कार्यक्रम मोकळ्या जागांवर आणून बसवले. जानेवारी २००८ मध्ये ‘सेलिब्रिटी अ‍ॅप्रेंटिस’ आला तो त्याच पोकळीत. आमच्या मापाचं म्हणजे वहीगायन, भरीत पार्टी, खापरावरचे मांडे करणाऱ्या बायका, असं काहीतरी.

पाचवा पर्याय दिग्दर्शकाचा होता: पहिल्या वर्षातल्या जुन्या संहिता घेऊन नव्या पात्रांत पुन्हा चित्रित करायच्या. हेही आधी झालेलं आहे. अमेरिकन लेखकांचा १९८८ चा संप ७ मार्चपासून पाच महिने चालला. तेव्हा ‘मिशन: इम्पॉसिबल’ ही जुनी मालिका ऑस्ट्रेलियात नव्याने उभी केली गेली आणि तिच्यासाठी जुन्या संहिता हाताशी घेतल्या गेल्या. आम्ही हा पर्याय सोडला. लेखकांना न विचारता त्यांचंच लिखाण पुन्हा वापरणं म्हणजे ज्यावरून भांडण, तेच आणखी वाढवणं. या एका निर्णयाचं समाधान मला आजही आहे.

सहावा पर्याय, लेखकांना बोलावून बसणं, बोलण्यात आला तेव्हा आप्पा उठून बाहेर गेले.

काय केलं, रविवारमागून रविवार

२० ऑगस्टला जुना भाग. काही न सांगता, नव्यासारखाच लावला. सोमवारी सकाळी सातला लोकांनी उघडला आणि पहिल्या मिनिटात बंद केला. यूट्यूब हे आलेखात स्पष्ट दाखवतं, प्रेक्षक कुठल्या सेकंदाला सोडून गेला ते. फसवलं गेल्याची भावना प्रतिक्रियांत होती. ‘या आठवड्यात नवा भाग नाही, कारण असं आहे’ एवढं सांगितलं असतं, तर निदान तो राग आला नसता.

२७ ऑगस्टला कानबाई, खान्देशातला देवीचा सण. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने सगळे सण महिनाभर पुढे सरकले होते. नागपंचमी २१ ला, त्यानंतरचा रविवार कानबाईचा. मालिकेत दरवर्षी कानबाईचा खास भाग असायचा आणि सुरतेहून गावी रोटांना, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याला, येणारी मंडळी तो घरच्या सगळ्यांसोबत बघायची. कथा नव्हती म्हणून आम्ही एका घरची खरी कानबाई चित्रित केली: सव्वाच्या मापाने दळलेले गहू, नारळाची देवी, रात्रभरची गाणी, सोमवारची मिरवणूक. रविवारी केबलवर स्थापनेपर्यंतचा भाग गेला, मिरवणुकीसकटचा यूट्यूबवर मंगळवारी. लोकांनी तो भरभरून बघितला, नेहमीच्या भागाइतकाच.

इथे आम्ही चुकीचा निष्कर्ष काढला. आप्पांना वाटलं, लेखकांशिवाय चालतंय. खरं तर तो सण चालला होता. पुढच्या रविवारी कानबाई नव्हती.

३ सप्टेंबरचा भाग बदली लेखकाने लिहिला. तो मनुष्य प्रामाणिक आणि हातखंड्याचा, पण यावल-रावेरकडचा, लेवा गणबोली बोलणारा. बाहेरच्याला खान्देशातल्या सगळ्या बोली सारख्या वाटतात. आप्पा इथलेच, तरी घाईत त्यांनीही तेच धरलं. चित्रीकरणात कलाकारांनी जमेल तेवढं सांभाळलं, तरी ‘आहे’साठीच्या ‘शे’च्या जागी ‘हाये’ आलं, आईच्या तोंडच्या म्हणी पूर्वेकडच्या आल्या. तीन वर्षं जी म्हातारी शिरपूरकडचं बोलत होती ती एका आठवड्यात दुसऱ्याच गावची झाली. पहिलीच प्रतिक्रिया: “हाई आमनी बोली नही शे, भो.” त्या लेखकाचा यात काही दोष नाही. त्याच्या बोलीतली मालिका त्याला द्यायला हवी होती. त्याने दुसरा भाग लिहायला स्वतःच नकार दिला. तिघं का थांबलेत हे त्याला चित्रीकरणाच्या जागी कळलं होतं.

१० सप्टेंबरला कलाकारांचा उत्स्फूर्त भाग. तीन प्रसंग मजेचे होते, पण बावीस मिनिटांत गोष्ट पुढे सरकली नाही. मोठ्या सुनेचं काम करणारी कलाकार म्हणाली, “दादा, मला काय बोलायचं ते सुचतं हो. का बोलायचं तेच कळत नाही.”

त्याच आठवड्यात केबलवाल्याचा फोन आला. नऊच्या जागेवर त्याला दुसरा कार्यक्रम लावायचा होता, गणपतीचे दहा दिवस आरत्या आणि नंतर एक भजनस्पर्धा. आमची मालिका साडेदहाला. गावात साडेदहाला म्हातारी माणसं झोपलेली असतात.

तेव्हा आप्पा हलले. मीही उशिरा का होईना एक काम केलं: वहीत दोन रकाने आखले. एकीकडे तिघांची मागणी, जी आता गुरुजींनी कागदावर दिली होती. तुकड्यांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याला साधारण नऊ हजार रुपये. दुसरीकडे ३ सप्टेंबरच्या एका बदली भागाचा जास्तीचा खर्च: नवा लेखक, दोन दिवस वाढलेलं चित्रीकरण, पुन्हा केलेलं डबिंग. तो नऊ हजारांहून जास्त होता. आप्पांनी कागद बराच वेळ धरून ठेवला.

बैठक १३ सप्टेंबरला झाली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुरुजींच्या घरी. आप्पा स्वतः गेले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. गुरुजींनी कायद्याचा मुद्दा काढला तो भांडणाच्या सुरात नव्हे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रित कृतीत वापरलेल्या लिखाणाच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला देऊनही टाकता येत नाही. लेखनाचे पैसे दिले म्हणजे विषय संपला, हे म्हणणं टिकणारं नव्हतं. आप्पांना हे पहिल्यांदाच कळत होतं, आणि मलाही.

ठरलं ते असं: तुकड्यांच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा तिघांना, दर महिन्याचा हिशेब कागदावर. प्रत्येक तुकड्यावर तिघांची नावं. यंत्राने काढलेला मजकूर दिला तर तसं आधी सांगायचं आणि त्यासाठी दर कमी करायचा नाही. दोन आठवड्यांनी अमेरिकेतला संप १४८ दिवसांनंतर मिटला तेव्हा त्यांच्या करारातही हेच होतं: लेखकाला दिलेला मजकूर यंत्राने केलेला असेल तर कंपनीने तो तसा असल्याचं सांगायचं. भाच्याने मला तो मजकूर पाठवला, खाली फक्त एक हसरा चेहरा.

परिणाम

करार झाला त्या रविवारी प्रेक्षकाला काय दिसलं? जुना भाग. त्याच्या पुढच्या रविवारीही जुना. १ ऑक्टोबरला ‘आतापर्यंत काय घडलं’ असा जुळवलेला भाग, शेवटी ताई, गुरुजी आणि भाचा कॅमेऱ्यासमोर येऊन पुढच्या रविवारी भेटू म्हणाले. नवा भाग ८ ऑक्टोबरला. वाद मिटून साडेतीन आठवडे झाले होते.

उशीर कामाच्या रीतीतूनच होतो. गोष्ट ठरायला चार दिवस, संवादांना तीन. मग आमचा कॅमेरामन गणपती मंडळांच्या कामात अडकलेला, २८ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत सुटेना. त्यानंतर चित्रीकरण, संकलन. अमेरिकेतही गप्पांचे कार्यक्रम संप मिटल्यावर लगेच, २ ऑक्टोबरला, परत आले, कारण ते रोज लिहून रोज होतात. मालिकांना कलाकारांचा वेगळा संप ९ नोव्हेंबरला मिटेपर्यंत थांबावं लागलं. ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’सारखी चालती मालिका ७ फेब्रुवारी २०२४ ला परतली, तीही त्या हंगामात १४ भागांवर.

पण आमचं खरं नुकसान ३० सप्टेंबरला झालं, प्रायोजकाच्या करारात. मुंबईतल्या वाहिन्यांना बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे दर गुरुवारी मिळतात, निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून. आमच्यासारख्यांना ते नाहीत. दुकानदार दोनच गोष्टी बघायचा: यूट्यूबवर पहिल्या दोन दिवसांत किती जणांनी बघितलं, आणि त्याच्या दुकानात येणाऱ्या बायका मालिकेबद्दल बोलतात का. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, खरेदीचा सगळा हंगाम समोर. त्याने ऑगस्ट-सप्टेंबरची सरासरी काढली. त्या सरासरीत फवाऱ्याचा पाऊस होता, न सांगता लावलेला जुना भाग होता, दुसऱ्या बोलीतली म्हातारी होती. ती निम्म्याच्याही खाली आली.

मी त्याला सांगितलं की हे आठवडे धरू नका, जुलै बघा. तो म्हणाला, “भाऊ, जुलै मला दिवाळीत काय कामाचा?” त्याच्या जागी तो बरोबर होता. त्याने सहा महिन्यांऐवजी दिवाळीपर्यंतचाच करार केला, कमी दराने. दिवाळीनंतर पुढच्या वर्षासाठी करार झाला तो बावन्न रविवारांऐवजी सव्वीस रविवारांचा. म्हणजे मालिका अर्ध्या वर्षाची झाली.

प्रेक्षक परत आला, पण सगळा नाही. सुरतचा आला. तिथे सोमवारची सवय पक्की होती आणि गावाची बोली ऐकायला दुसरं काही नव्हतं. केबलवरचा गावातला म्हातारा प्रेक्षक साडेदहाच्या वेळेने गेला तो गेला. २००७-०८ च्या संपातली ‘पुशिंग डेझीज’ या मालिकेची गत मी त्या वेळी वाचली होती आणि तेव्हा तिचं महत्त्व मला कळलं नव्हतं. तिचे पहिल्या हंगामात नऊच भाग झाले, डिसेंबरात थांबली, तरी वाहिनीने तिला दुसरा हंगाम दिला. ती परतली पुढच्या ऑक्टोबरात, जवळजवळ दहा महिन्यांनी, तोवर प्रेक्षक पांगला होता. दुसरा हंगाम शेवटचा ठरला. त्याच काळातल्या ‘बायोनिक वुमन’चे तर आठच भाग झाले आणि ती पुन्हा सुरूच झाली नाही. त्या दोघी नव्या होत्या, सवय लागायच्या आत खंड पडला. आमच्या मालिकेला तीन वर्षं झाली होती, एवढंच आमचं नशीब.

खंडाने नेहमी वाईटच होतं असंही नाही. ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला हंगाम नऊ भागांचा ठरला होता, संपामुळे सात झाले, तरी ती मालिका पुढे पाच हंगाम गेली. आमच्याकडेही गुरुजींनी या काळात पुढच्या वर्षाची गोष्ट मनात घोळवून ठेवली होती. ऑक्टोबरनंतरचे भाग माझ्या मते मालिकेतले सगळ्यात चांगले आहेत. प्रायोजकाच्या सरासरीत ते आले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

२६ जूनलाच हिशेब दाखवायला हवा होता. मागणी तेवढीच होती. आप्पांना वाटलं की हिशेब दाखवणं म्हणजे हार. तो दाखवल्यावर आकडा इतका लहान निघाला की भांडायला काही उरलंच नाही. पुतण्याचा निरोप मागे घेऊन ताईंना एक फोन केला असता, तर गुरुजी आणि भाचाही थांबले नसते असं मला वाटतं. तो निरोप पैशांपेक्षा जास्त लागला होता.

बँकेचे पहिले दोन आठवडे बोलण्यासाठी राखून ठेवायला हवे होते. माझ्या वहीत आता रिकाम्या रविवारच्या आधी एक तारीख लाल शाईने लिहिलेली असते: या दिवसापर्यंत ठरलं नाही तर रविवार जातो. आमच्या रीतीने ती पंचवीस दिवस आधी येते. २० ऑगस्टसाठी ती २६ जुलै होती. त्या दिवशी मी कुठे होतो ते वहीत आहे: पारोळ्याला, पुढच्या महिन्यासाठी जागा बघत.

जुना भाग जुना म्हणूनच लावायचा, आणि बदली लेखक घ्यायचाच तर मूळ लेखकांच्या संमतीने आणि त्यांच्याच बोलीतला. याबद्दल दिग्दर्शकाचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, संमती मागायला गेलो असतो तर तिथेच तडजोड झाली असती आणि बदली लेखक लागलाच नसता.

प्रायोजकाला जुलैतच विश्वासात घ्यायचं की नाही, यावर माझं मन अजून पक्कं होत नाही. सांगितलं असतं तर त्याने कदाचित तेव्हाच हात काढून घेतला असता. न सांगितल्याने त्याने आकड्यांवरून निष्कर्ष काढला, आणि आकड्यांत कारण लिहिलेलं नसतं. नव्या करारात आम्ही एक कलम घालून घेतलं: नवा भाग न गेलेले रविवार सरासरीत धरायचे नाहीत, त्याबदल्यात त्या रविवारांचे पैसेही मागायचे नाहीत. दुकानदाराने दोन मिनिटांत सही केली. हे कलम आधीच्या करारात मागितलं असतं तरी त्याने केली असती, असं तो स्वतःच म्हणाला.

ताईंचे तुकडे अजून चालतात. सासू सुनेला खापर कसं तापवायचं ते सांगते, तो सगळ्यात जास्त बघितलेला आहे. आता त्याच्या तळाशी तीन नावं येतात. पहिल्यांदा ती दिसली त्या दिवशी ताईंच्या आईने शिरपूरहून फोन केला आणि लेकीचं नाव कितव्या सेकंदाला येतं ते विचारलं, शेजारणीला दाखवायचं होतं म्हणून.